नसलेली ओल

या अंकाचे संपादक माझे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या सिंकखालची गळती मी दोनदा काढली. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा पाणी आलं. पण ते म्हणाले, "या वेळी पाना नको, पेन घ्या. इतकी वर्षं लोकांची स्वयंपाकघरं करताय, त्यावर लिहा. कमी खर्चात सुंदर किचन, असं काहीतरी." मी हो म्हणालो. समोरच्याला पटकन हो म्हणून मोकळं व्हायचं हा माझा जुना रोग आहे. त्या रोगापायी एका बाईचं काय झालं, ते लिहायचं असं घरी येऊन ठरवलं. संपादकांना सुंदर किचन हवं होतं. त्या बाईचं किचनही दिसायला सुंदरच झालं होतं.

मी टेमघरला राहतो. मूळचा गवंडी, पण बाकीचं बांधकाम सोडून आता फक्त स्वयंपाकघरं करतो, त्यामुळे भिवंडीत लोक मला 'किचनवाले' म्हणतात. माझ्याबरोबर अन्सारभाई असतात. ग्रॅनाइट कापण्यात त्यांचा हात धरणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. सुतार आणि प्लंबर लागेल तसे बोलावतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे लूमवर काम करणारा, गोदामात सुपरवायझर असणारा, शाळेत शिकवणारी बाई, टेम्पोवाला. त्यांच्या घरात बापाच्या काळातला कडप्प्याचा ओटा असतो, खाली पडदा, पडद्यामागे सिलिंडर, कांदे-बटाटे आणि झुरळं. आणि हातातल्या मोबाइलमध्ये परदेशातल्या किचनचा फोटो. एका ताईंनी दाखवलेल्या फोटोतला ओटा त्यांच्या अख्ख्या घरापेक्षा लांब होता. मी म्हणालो, "ताई, हा बसवला तर याचं टोक शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये निघेल."

"निघू दे," त्या म्हणाल्या, "शेजारी माझी बहीणच राहते. भांडी ती घासेल."

बाहेरच्यांना वाटतं की किचन म्हणजे टाइल्स आणि ट्रॉल्या. त्या शेवटी येतात. पैसे बेताचे असतील तर आधी सिंक जिथं आहे तिथंच ठेवावं. सिंक हललं की पाइप हलतो, पाइप हलला की फरशी फुटते, आणि फरशी फुटली की खालच्या मजल्यावरचा माणूस बनियनवर वर येतो. जुना कडप्पाही फेकू नये. कापून त्याच्या मांडण्या होतात आणि त्या नातवंडांच्या लग्नापर्यंत टिकतात. टाइल्स छतापर्यंत लावायचा हट्ट पुष्कळांचा असतो. ओट्याच्या वर दोन फूट पुरतात, त्यावर ऑइलपेंट मारा. छतापर्यंत फोडणी उडवणारी बाई मला अजून भेटायची आहे.

भिवंडीची म्हणून काही दुखणी वेगळी असतात. एका घराच्या खाली लूमचा कारखाना होता. मी छान गुळगुळीत चाकांचे ड्रॉवर बसवून दिले. दोन दिवसांनी मालकांचा फोन, "मिस्त्री, सकाळची शिफ्ट चालू झाली की तुमचे ड्रॉवर बाहेर येऊन उभे राहतात. आमची आई म्हणते घरात काहीतरी आहे." जाऊन पाहिलं. खाली लूम खडखडायला लागले आणि वर एकेक ड्रॉवर हळूहळू पुढं सरकू लागला, जणू हजेरी द्यायला आलाय. मी सगळ्या पट्ट्या काढून मागच्या बाजूला किंचित उतार दिला. ड्रॉवर जागेवर बसले, आईची भीतीही गेली. त्या दिवसापासून मी स्वतःला फार हुशार समजायला लागलो. गोमाकाकीचं काम त्याच्या पुढच्याच महिन्यातलं.

गोमाकाकीचं घर कशेळीला, खाडीच्या बाजूला. जमिनीचा एक तुकडा गोदामाला गेला, त्यातून घराला वरचा मजला चढला, पण स्वयंपाकघर होतं तसंच राहिलं. मुलगा किशोर वडप्याला एका गोदामात सुपरवायझर. सून प्रणाली दवाखान्यात कामाला. तिनं आपल्या पगारातून पैसे साठवले होते आणि किचन करायचं तिच्याच मनात होतं. मी उक्तं काम घेतलं. उक्तं म्हणजे सगळ्या कामाचा एकच आकडा ठरवायचा. मग काम लवकर उरकलं तर वाचलेला दिवस माझा. हे मुद्दाम सांगतोय, कारण पाप तिथंच आहे.

काकी साठीच्या पुढची, अंगानं बारीक, उंचीला माझ्या छातीपर्यंत. तांदळाच्या भाकरीसाठी ती पंचक्रोशीत प्रसिद्ध. आगरी घरात हळदीचा कार्यक्रम लग्नापेक्षा मोठा असतो, शेकड्यानं माणसं जेवतात, आणि तिथं भाकरी कुणाच्या हातची आहे हे लोक विचारून घेतात. गोमाकाकीची म्हटलं की यजमानाची मान ताठ. भाकरी पातळ, पांढरी, कडेला कुठं चीर नाही, आणि दुसऱ्या दिवशीही रुमालासारखी मऊ. हळदीच्या आदल्या दिवसापासून ती दोन बायका मदतीला घेऊन बसायची, पण थापायची मात्र ती एकटीच.

बसायची ती मागच्या दाराजवळच्या कोपऱ्यात. जमिनीपासून चार बोटं उंच असा कडप्प्याचा एक बुटका चौथरा, त्यावर एकेरी शेगडी. समोर पाट, पाटावर काकी, एक गुडघा वर, मांडीशी परात. सिलिंडर शेजारीच, शेगडीपेक्षा उंच. सिलिंडर नेहमी शेगडीच्या खालच्या पातळीला हवा असा नियम आहे. गॅसचा माणूस दर वेळी ओरडायचा, काकी दर वेळी त्याच्या हातावर गरम भाकरी ठेवायची आणि तो तोंड भरल्यामुळे गप्प बसायचा.

पहिल्या दिवशी मी टेप लावत होतो तेव्हा ती दारात उभी राहिली.

"काय काय तोरनार रं मिस्तरी?"

"सगळंच, काकी. नवं करायचं म्हणजे जुनं तोडायलाच लागतं."

"हा कोपरा न्हाय तोराचा. हा माजा हाय. बाकी प्रणालीला कराचं ते कर."

"हो काकी."

"नुसता हो नको बोलू. आयकलंस ना?"

"ऐकलं काकी. कोपरा तसाच ठेवतो."

दोन दिवसांनी ती बहिणीकडं गेली आणि मी कोपरा तोडला.

कारण सांगतो. नवी फरशी घालताना मध्ये असा जुना चौथरा ठेवला की त्याच्या भोवती एकेक टाइल मापानं कापावी लागते, पाण्याचा उतार बदलतो, कडा बसवाव्या लागतात. त्यात दीड दिवस जातो. शिवाय चकचकीत टाइल्सच्या मधोमध तो काळा, तेलकट ठोकळा मला शोभला नसता. मला फोटो काढायचा होता. चार घण घातले, अर्ध्या तासात कोपरा पिशव्यांत भरून बाहेर. किशोर ड्युटीवर होता. प्रणालीनं एकदा विचारलं, "दादा, आईंना विचारलंत ना?" मी मान हलवली. मान हलवली म्हणजे खोटं बोललो नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

काकी परत आली, दारातच थांबली.

"माजा कोपरा कुठं गेला रं?"

आता खरं बोलायला काय हरकत होती? 'काकी, चुकलो, बांधून देतो' एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या तोंडून आलं ते असं, "काकी, त्या कोपऱ्यात भिंतीला ओल होती. ठेवला असता तर पुढं सगळी भिंत गेली असती."

तिनं भिंतीला तळहात लावून पाहिला. "ओल? मना कवा लागली न्हाय."

"ती आतून असते, काकी."

"आतून व्हय," ती म्हणाली आणि पाट उचलून बाहेर घेऊन गेली.

काम झालं. काळ्या ग्रॅनाइटचा एकसंध ओटा, तेहतीस इंच उंच, खाली ट्रॉल्या, वर फिकट पिवळ्या टाइल्स. प्रणाली इतकी खूश झाली की तिनं फोटो मैत्रिणींना पाठवले आणि त्यातून मला दोन कामं मिळाली. जुनी एकेरी शेगडी भंगारात गेली. मी कशेळी विसरलो.

चारेक महिन्यांनी कशेळीतच दुसऱ्या आळीत एका गिऱ्हाइकाकडं हळद होती. आग्रहाचं बोलावणं, मी गेलो. डीजे चालू, मांडवात पंगत, ताटात मटण. आणि भाकरी आली ती जाड, कडेनं तडकलेली, तोडताना कुरकुरणारी. वाढायला एक ठसठशीत बाई होती. मी विचारलं, "या गोमाकाकीच्या नाहीत का?"

"न्हाय ओ. तिचा हात गेला."

"गेला म्हणजे? काही लागलं का?"

"लागलं न्हाय. वय झालं. भाकरी फाटतं तिची. तिनंच सगल्यांना सांगितलं, आता मना नका सांगू." ती पुढच्या ताटाकडं वळली आणि वळता वळता म्हणाली, "नशीब बगा, किचन नवं झालं नि हात गेला."

माझा घास तोंडातच राहिला. शेजारचा म्हणाला, "घ्या की मिस्त्री, रस्सा घ्या, त्यात भिजवा म्हणजे जाते." त्याला वाटलं भाकरी अडकली.

मी गवंडी असलो तरी पुष्कळ घरांत पुष्कळ बायकांना काम करताना पाहिलंय. तांदळाची भाकरी कशी होते ते मला माहीत होतं. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढतात, ती गरम असतानाच तळहाताच्या बुडानं रगडून मळायची असते, खांद्याचा आणि अंगाचा भार देऊन. नीट मळली नाही की कड फाटते. मग गोळा परातीत थापायचा, आणि थापलेली भाकरी हातातून तव्यावर एका दमात गेली पाहिजे. तांदळाच्या पिठाला चिकटपणा नसतो. वाट लांबली की ती मोडते. बसलेल्या बाईचा तवा वीतभर अंतरावर असतो. आणि मी या एवढ्याशा बाईला तेहतीस इंचांच्या ओट्यासमोर उभी केली होती. तिथं तिचे कोपरच वर उचलले जात असणार, भार कुठून येणार? तिचा हात गेलाच नव्हता. पण हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. तिला स्वतःलाही नाही.

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच तिच्याकडं गेलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी अकरा दिवसांनी गेलो. आधी वाटलं, फोन करावा. मग वाटलं, कुणाला तरी पाठवावं. मग वाटलं, कदाचित खरंच वय झालं असेल, आपण उगाच स्वतःला शहाणे समजतोय. अन्सारभाईंना सांगितलं तेव्हा ते कटर पुसत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भाई, आप जाके बोल दो. नहीं तो हर किचन में वही बुढ़िया दिखेगी." ती दिसायला लागलीच होती.

रविवार होता. किशोर घरी होता. प्रणालीनं चहा ठेवला, काकी कोथिंबीर निवडत होती.

"आयलास?" ती म्हणाली. "आता काय तोराला आयलास?"

मी म्हणालो, "काकी, भाकरी का सोडली?"

"हात गेला."

"एकदा करून दाखवता का? माझ्यासाठी."

"तुला खायाची तर प्रणाली चपात्या करंल."

पण उठली. उकड काढून ओट्याशी उभी राहिली. परात छातीशी आली. गोळ्यावर हात टेकला तर टाचा उचलल्या गेल्या. रगडायला गेली तर परात मागं सरकली. मला आणखी बघवेना. मी विचारलं, "खाली बसून नाही करून पाहिलीत?"

प्रणाली म्हणाली, "केली ना दादा. आई खाली बसून थापणार, मी वर तव्यावर टाकणार. त्यांच्या हातातून माझ्या हातात येईपर्यंत भाकरीचे दोन देश व्हायचे. एक तर माझ्या पायावर पडली."

"तिची नखा," काकी म्हणाली.

"आई, मी नखं कापून आले होते दुसऱ्या दिवशी!"

"मंग तुजी नजर."

दोघी हसल्या. मग काकी हात धुता धुता सहज म्हणाली, "जाऊ दे. सासूचा पन माज्या असाच गेला होता, या वयात. गावदेवीला बोल्लेय, हात परत दे, चांदीचा हात वाहीन. बघू."

आमच्याकडं ज्या अवयवाला दुखणं, त्या आकाराचा चांदीचा लहानसा पत्रा देवीला वाहतात. पाय, डोळा, पोट. ही बाई चार महिने हाताचा नवस बोलून बसली होती, आणि तिचा हात मी घण घालून पिशवीत भरून नेला होता.

"काकी, ओल नव्हती," मी म्हणालो.

"कसली ओल?"

"कोपऱ्यात. भिंत कोरडी होती. मी काम वाचवायला तोडला आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुमचा हात गेलेला नाही. ओटा तुमच्या उंचीला चुकीचा आहे, आणि तवा लांब आहे. सगळी चूक माझी आहे."

किशोर खुर्चीवरून उठला. तो शांत माणूस, पण त्याचा चेहरा लाल झाला. "दादा, ती रोज त्या कोपऱ्याचं नाव काढायची. मी तिला बोललो. म्हणालो, आई, ओल होती, दादा कशाला खोटं बोलतील? रागावून बोललो तिला मी."

 

काकी मात्र त्याच्याकडं बघतच नव्हती. ती आपल्या हातांकडं बघत होती, एकदा पालथे, एकदा उताणे. "म्हंजे हात न्हाय गेला?"

"मला नाही वाटत, काकी."

"तुला काय वाटतं ते ऱ्हाऊं दे. तुला ओल पन वाटली होती." आणि मग तिनं मला आगरी शिव्यांची अशी एक माळ घातली की प्रणाली चहा घेऊन आत पळाली. मेल्या, मुडद्या, इथपासून सुरू झाली ती माझ्या टेपच्या सात पिढ्यांपर्यंत गेली. "चार महिने देवीच्या डोक्याला ताप दिला मी! ती पन बोलत आसंल, बाये, तुजा हात हाय तिथंच हाय, मी देऊ काय?" शेवटी दम लागून थांबली आणि म्हणाली, "बांध परत. मंग समजंल, तू खोटारडा का मी म्हातारी."

खोटारडा तर मी होतोच. पण दुसरी गोष्ट तिलाही पक्की ठाऊक नव्हती आणि मलाही.

आता प्रश्न असा आला की कोपरा होता तसा बांधता येईना. शेगडी पुन्हा जमिनीलगत आणि सिलिंडर तिच्याहून उंच, हे धोक्याचं. किशोरही तयार नव्हता. शिवाय प्रणाली हळूच म्हणाली, "दादा, आईंचे गुडघे. खाली बसल्या की उठताना माझा हात लागतो." म्हणजे काकीला बसवायचं तर होतं, पण जमिनीवर नाही. मागच्या दारात उभा राहून मी विचार करत होतो. खाडीचं पाणी शिरू नये म्हणून त्या घराचं जोतं अंगणापासून चांगलं दोन फूट उंच होतं. अंगणात पायरीशी उतरलो, वर पाहिलं, आणि उमगलं. सिलिंडर बाहेर अंगणात न्यायचा, जाळीच्या पेटीत. तो आपोआप खाली गेला. पाइप भिंतीतून आत. आणि आत जमिनीवर एक बैठक बांधायची, पलंगाएवढी उंच, ऐसपैस. शेगडी खाली नेण्याऐवजी काकीलाच वर घ्यायची. ती बैठकीवर मांडी घालून बसेल, तिच्यापुढं चार बोटं उंच दगड, त्यावर परात आणि तवा शेजारी शेजारी. काम झालं की पाय खाली सोडायचे आणि उठायचं.

अन्सारभाई नकाशा बघून म्हणाले, "किचन बना रहे हो कि तख़्त?"

"काकी के लिए."

"तब ठीक है. जिसका राज, उसका तख़्त." कापणीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. उलट म्हणाले, "इस बार नाप पहले, सीमेंट बाद में."

आयुष्यात पहिल्यांदा मी भिंतीऐवजी माणसाचं माप घेतलं. सिमेंट न लावता नुसत्या विटा रचल्या, वर फळी टाकली, पुढं दुसरी फळी, त्यावर परात. काकी वर चढून बसली. सवयीनं एक गुडघा वर.

"पुरं उंच झालं. दोन बोटं काढ."

मी विटा काढल्या, पातळ फरशीचे तुकडे घातले.

"आता खाली गेलं. एक बोट दे."

"काकी, एक बोट म्हणजे किती?"

"हे," तिनं करंगळी दाखवली. मी टेप लावला तर ती म्हणाली, "टेप ठेव तिकडं. तुज्या टेपानंच माजं वाटोलं केलंय."

पाच वेळा विटा काढल्या, पाच वेळा घातल्या. पिठाऐवजी तिनं ओल्या मातीचा गोळा मागितला आणि तो रगडून पाहिला. सहाव्या वेळी ती नुसती रगडत राहिली. मी खडूनं भिंतीवर खूण केली.

आज मी टेप काढायच्या आधी विचारतो, घरात स्वयंपाक कोण करतं? बहुतेक वेळा उत्तर नवराच देतो, "स्टँडर्ड ठेवा हो." मी म्हणतो, "स्टँडर्ड घरी आहेत का? बोलवा त्यांना, माप घ्यायचंय." मग आतून हात पुसत कुणीतरी येतं. बैठकही आता पाच-सहा घरांत केली आहे, गुडघे दुखणाऱ्या बायकांना ती फार आवडते. लोक म्हणतात, मिस्त्री, काय डोकं लावलंत! मी प्रत्येकाला सांगतो की ही अक्कल मला कशी आली. नाही, प्रत्येकाला सांगत नाही. काहींपुढं नुसता हसलो आहे. म्हणून इथं लिहून ठेवतोय.

पण हे सगळं पुढचं. बैठक बांधून, पाणी मारून, आठ दिवस वाळायला ठेवली. मग एका सकाळी आम्ही सगळे जमलो. किशोरनं शिफ्ट बदलून घेतली होती. अन्सारभाई 'दगड बघायला' आले होते. प्रणालीनं नवी शेगडी पेटवून दिली. काकीनं उकड काढली, हात पाण्यात बुडवला, रगडलं, गोळा घेतला, थापली, उचलली. भाकरी तव्यावर जाताना मधोमध फाटली.

 तिनं दुसरा गोळा घेतला. ही भाकरी तव्यावर गेली, पण कडेला तडकली, जाड राहिली. काकीनं ती उलटलीही नाही. तव्यावरच करपू दिली. मला वाटलं, म्हणजे मी तिला खोटी आशाही दिली. एक खोटं निस्तरायला दुसरं.

ती मान वर न करता म्हणाली, "सगली भायेर व्हा. मानसा अशी मढ्यावानी बघत ऱ्हायली तर भाकरी काय, दूद पन फाटंल."

आम्ही मागच्या दारानं अंगणात उतरलो. दार लागलं. किशोर एका बाजूला, प्रणाली पायरीवर, अन्सारभाई नजर दुसरीकडं वळवून. खिडकी उघडी होती, पण कुणी तिच्याकडं गेलं नाही. आतून भांड्याचा आवाज आला. मग थापण्याचा. थप, थप, आणि थांबला.  काकी काहीतरी पुटपुटली, मला की देवीला कळलं नाही. पुन्हा थप, थप, थप, थांबला. परत पहिल्यापासून. हायवेच्या बाजूनं ट्रक जात होते, त्यांच्यामुळं मध्येच काही ऐकू येईना. मी मनात म्हणत होतो, ट्रकांनो, थांबा जरा.

मग तो आवाज थांबेनासा झाला. सारखा, एका चालीचा, मध्ये एकदा तव्याची चर्र, आणि लगेच पुढचा. प्रणालीनं किशोरकडं पाहिलं. किशोर भिंतीला टेकला. लहानपणापासून हा आवाज ऐकत तो सकाळी उठायचा, असं तिनं मला नंतर सांगितलं. त्या वेळी तो एवढंच म्हणाला, "हां. हाच."

"किशोर!" आतून हाक आली.

"काय, आई?"

"त्या वरच्या आलीत पुढल्या रविवारी हलद हाय ना? त्या घरच्या बाईला फोन लाव. सांग, भाकऱ्या मी देतंय."

"आई, आधी आम्हाला बघू तरी दे."

"तू बग नको. किती मानसा हाईत ते विचार."

किशोरनं फोन लावला आणि आमच्याकडं पाठ करून बोलू लागला. भाकऱ्यांचं सांगितलं. पलीकडची बाई बहुधा अडखळली असणार, हाताचं विचारत असणार. मग तो वळला, माझ्याकडं पाहिलं, आणि नजर न काढता फोनमध्ये म्हणाला,

"नाही, आईच्या हाताला काहीच झालं नव्हतं. आमचा ओटा चुकला होता."